सीटाइप्स: डीएलएलकडून परत आलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा

पायथन या प्रोग्रामिंग भाषेबरोबर फुकट मिळणाऱ्या लायब्रऱ्यांपैकी माझ्या कामात रोज लागणारी, आणि रोज डोळ्यांत तेल घालून वापरावी लागणारी, म्हणजे सीटाइप्स. सी भाषेत लिहून कंपाइल केलेल्या डीएलएलमधलं (तयार फंक्शनांच्या फाइलमधलं) फंक्शन पायथनच्या स्क्रिप्टमधून थेट बोलवायचं, हे तिचं काम. थॉमस हेलर यांनी लिहिलेली ही लायब्ररी २००६ साली पायथन २.५ मध्ये सामील झाली. तेव्हापासून पायथन टाकलं की ती मशीनवर असतेच. कंपायलर लागत नाही, नेट लागत नाही. माझं मत आधीच सांगते: जरूर वापरावी, पण कुठलं फंक्शन काय परत करतं हे तिला एकेका फंक्शनमागे आपण सांगावं. नाही सांगितलं तर ती अंदाज बांधते, आणि अंदाज चुकला तरी तोंडातून अवाक्षर काढत नाही.

आमचं काम बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरच्या चाचण्यांचं. वाइंडिंगचा रेझिस्टन्स, टर्न्स रेशो, तेलाचं तापमान वगैरे. मोजणारं कार्ड बाहेरून घेतलेलं. त्याच्यासोबत एक डीएलएल, एक हेडर फाइल (कुठलं फंक्शन काय घेतं आणि काय देतं याची यादी) आणि पातळशी पीडीएफ. सोर्स कोड मिळत नाही, आणि बेंचवरच्या कॉम्प्युटरला नेट जोडायची परवानगी नाही. त्या डीएलएलमध्ये कार्ड उघडणारं फंक्शन हँडल, म्हणजे पुढे दर वेळी दाखवायची त्या कार्डाची ओळखखूण, परत करतं. तापमानाचं फंक्शन डबल, म्हणजे दशांशाचा आकडा, परत करतं. रीडिंग घेणारं फंक्शन फक्त स्टेटस कोड देतं आणि खरा आकडा आपण दिलेल्या पत्त्यावर लिहून ठेवतं. एररचा मजकूर देणारं फंक्शन अक्षरांचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, देतं. म्हणजे एवढ्याशा डीएलएलमध्ये उत्तर परत येण्याच्या चार वेगवेगळ्या तऱ्हा आल्या.

सीटाइप्सचा ठरलेला अंदाज असा, की प्रत्येक फंक्शन इंट, म्हणजे ३२ बिटांचा पूर्णांक, परत करतं. वेगळं काही येणार असेल तर फंक्शनच्या ‘रेसटाइप’ या गुणधर्मात आपण प्रकार लिहायचा. तो लिहिला नाही तर काय होतं, हे समजायला थोडं खाली उतरावं लागतं. ६४-बिट इंटेल किंवा एएमडी मशीनवर पूर्णांक आणि पॉइंटर आरएएक्स नावाच्या रजिस्टरमधून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यातून, परत येतात. फ्लोट आणि डबल मात्र एक्सएमएम० या वेगळ्या रजिस्टरमधून. तापमानाचं फंक्शन ३२.० हा डबल इमानदारीने एक्सएमएम० मध्ये ठेवतं. सीटाइप्स इंटच्या समजुतीत असते, म्हणून ती आरएएक्स उघडून बघते. तिथे आधीच्या कुठल्या तरी हिशेबाचा गाळ पडलेला असतो. तो कधी शून्य असतो, कधी एक, कधी दहा आकडी संख्या.

दहा आकडी संख्या आली तर कुणालाही कळतं. धोका एकचा आहे. वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजल्यावर तो ७५ अंश सेल्सिअसला नेऊन दाखवावा लागतो. तांब्यासाठी २३५ हा स्थिरांक धरतात, त्यामुळे ३२ अंशांवर मोजलेल्या आकड्याला ३१० भागिले २६७, म्हणजे साधारण १.१६ ने गुणायचं. तापमान ३२ ऐवजी १ आलं, तर भाजक २३६ होतो आणि गुणक १.३१. रिपोर्टवरचा रेझिस्टन्स तेरा टक्क्यांनी फुगतो. स्क्रिप्ट थांबत नाही, पडद्यावर लाल अक्षर येत नाही, पीडीएफ व्यवस्थित तयार होते. कलाभवन या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून ट्रेनिंगला आलेला आमचा एक मुलगा अशा वेळी खुशीत म्हणाला होता, “ताई, रीडिंग तर येतंय!” तेच तर भीतीचं आहे. स्क्रिप्ट क्रॅश झाली तर परवडते, कारण क्रॅश झालेल्या चाचणीवर कुणी सही करत नाही. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या आकड्यावर सही होते आणि तो ट्रान्सफॉर्मरबरोबर गिऱ्हाइकाकडे जातो.

याचंच एक धाकटं भावंड आहे. हेडरमध्ये फ्लोट लिहिलंय आणि आपण रेसटाइपमध्ये डबल लिहिलं. रजिस्टर बरोबर निवडलं जातं, पण फ्लोट ३२ बिटांचा आणि डबल ६४ बिटांचा. वरचे बिट रिकामे असतील तर जो आकडा मिळतो त्यात दशांश चिन्हानंतर तीनशेच्या वर शून्यं असतात. चार दशांशांपर्यंत छापला की तो सरळ ०.०००० दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं वाइंडिंग शॉर्ट आहे. म्हणून हेडर आणि रेसटाइप शेजारी शेजारी ठेवून एकेक शब्द ताडून बघावा. त्याला पर्याय नाही.

आता हँडलबद्दल, कारण सीटाइप्सच्या बाबतीत सगळ्यांत जास्त रडारड इथेच होते. हँडल म्हणजे बहुतेक वेळा पॉइंटरच असतो, आणि ६४-बिट प्रोग्राममध्ये पॉइंटर ६४ बिटांचा. रेसटाइप नसेल तर खालचे ३२ बिट ठेवून वरचे कापून टाकले जातात. पत्ता लहान असेल, तर वरच्या भागात शून्यंच असतात आणि सगळं सुरळीत चालतं. म्हणूनच जुन्या मशीनवर वर्षानुवर्षं चाललेली स्क्रिप्ट नव्या मशीनवर पहिल्याच रीडिंगला आडवी होते. विंडोज ८ पासून ६४-बिट प्रोग्रामांना सुरक्षेसाठी खूप पसरलेले, मोठे पत्ते देण्याची सोय आली. कापलेला पत्ता आता जवळपास नक्कीच चुकीच्या जागी नेतो. बेंचवरचे काका येऊन सांगतात, “बेन, मशीन अटकी गयुं,” आणि लोक कार्ड बदलायला, केबल तपासायला धावतात. कार्डाचा काही दोष नसतो.

अशा वेळी पायथन ‘-एक्स फॉल्टहँडलर’ हा पर्याय देऊन चालवावं. ही सोय पायथन ३.३ पासून आहे. प्रोग्राम मरताना स्क्रिप्टची कुठली ओळ चालू होती ते ती छापून जाते, आणि शोध तिथूनच सुरू करता येतो.

रेसटाइपमध्ये व्हॉइड पॉइंटरचा (कशाचाही असू शकणाऱ्या पत्त्याचा) प्रकार लिहिला की निम्मं काम झालं. निम्मंच, कारण पुढे दुसरा सापळा आहे आणि तो फार थोडे लोक सांगतात. व्हॉइड पॉइंटर लिहिल्यावर सीटाइप्स आपल्या हातात पायथनचा साधा पूर्णांक देते. तो अचूक असतो, पूर्ण ६४ बिटांचा. पण तोच पूर्णांक आपण पुढच्या फंक्शनला दिला आणि त्या फंक्शनचे ‘आर्गटाइप्स’ (आत जाणाऱ्या किमतींचे प्रकार) लिहिलेले नसले, तर सीटाइप्स त्याला पुन्हा इंट समजते. लिनक्सवर ती वरचे बिट गुपचूप कापते, विंडोजवर मोठा पत्ता मावत नाही म्हणून एरर फेकते. येताना वाचवलेला पत्ता जाताना कापला जातो किंवा अडतो. तपासणारा रेसटाइप बघतो, तो बरोबर असतो, आणि माणूस चक्रावून जातो.

यावर मला सगळ्यांत पटलेला उपाय असा: व्हॉइड पॉइंटरच्या प्रकारापासून आपला एक छोटा उपवर्ग करायचा, त्याला कार्डहँडल असं काहीतरी नाव द्यायचं, आणि रेसटाइपमध्ये तो लिहायचा. मूळ साध्या प्रकारांचं सीटाइप्स आपोआप पायथनच्या पूर्णांकात रूपांतर करते, उपवर्गांचं करत नाही. त्यामुळे हातात येतो तो कार्डहँडलचा ऑब्जेक्ट. तो पुढे कुठल्याही फंक्शनला दिला तरी पॉइंटर म्हणूनच जातो. शिवाय आर्गटाइप्समध्ये तोच प्रकार लिहिला, तर चुकून दुसऱ्याच कशाचं हँडल दिल्यावर सीटाइप्स तिथल्या तिथे अडवते. दोन ओळींचा वर्ग आहे, पण त्याने फार मोठी डोकेदुखी टळते.

काही गोष्टी पटकन सांगते. फंक्शन काहीच परत करत नसेल तर रेसटाइपमध्ये नन (पायथनमधलं ‘काही नाही’) लिहावं, नाहीतर गाळातला एखादा आकडा उत्तर म्हणून मिळतो. सी++ चा बूल एका बाइटचा असतो, वरच्या बाइटांत काय असावं याची कुणी हमी देत नाही, म्हणून तो इंट म्हणून वाचला तर ‘नाही’चं ‘हो’ होऊ शकतं. तिथे सी-बूलच हवा. विंडोजच्या स्वतःच्या फंक्शनांतला मोठ्या अक्षरांतला बूल मात्र खरोखरच इंट आहे. सीचा लाँग विंडोजवर ३२ बिटांचा आणि ६४-बिट लिनक्सवर ६४ बिटांचा, तेव्हा हेडरमध्ये लाँग असेल तर सी-लाँगच लिहावं, इंटवर भागवू नये. आणखी एक बारकावा: डीएलएलच्या ऑब्जेक्टमधून टिंब देऊन घेतलेलं फंक्शन लक्षात ठेवलं जातं, पण चौकटी कंसात नाव देऊन घेतलं तर दर वेळी नवा ऑब्जेक्ट मिळतो आणि आधी लिहिलेला रेसटाइप त्याला लागू होत नाही.

मजकुराची बाब सावकाश बघण्यासारखी आहे. रेसटाइपमध्ये सी-चार-पी (अक्षरांच्या पॉइंटरचा प्रकार) लिहिलं की सीटाइप्स मजकूर कॉपी करून पायथनचे बाइट्स हातात देते. वापरायला सोपं. पण मूळ पॉइंटर मग आपल्याकडे राहत नाही. पत्र वाचून घेतलं आणि पाकिटावरचा परतीचा पत्ता फाडून टाकला, तसं. डीएलएलने तो मजकूर स्वतःच्या कायमच्या जागेत ठेवला असेल तर काही बिघडत नाही. तिने दर वेळी नवी मेमरी घेऊन दिली असेल, तर ती मोकळी करायला पत्ताच उरत नाही. सकाळी सुरू झालेला बेंच संध्याकाळपर्यंत मेमरी खात राहतो. अशा फंक्शनला रेसटाइप व्हॉइड पॉइंटरचा द्यावा, ‘स्ट्रिंग-ॲट’ने मजकूर वाचावा, आणि मग पत्ता डीएलएलच्याच मोकळं करणाऱ्या फंक्शनला परत द्यावा. विंडोजवर हे ‘डीएलएलच्याच’ फार महत्त्वाचं. डीएलएल आपली रनटाइम लायब्ररी पोटात घेऊन बांधलेली असेल, तर तिची मेमरी दुसऱ्या रनटाइमच्या फ्रीने सोडवणं म्हणजे क्रॅशला आमंत्रण. मजकुराच्या मध्ये शून्य बाइट येऊ शकत असेल, तर लांबीही सांगावी, नाहीतर वाचन पहिल्या शून्यापाशीच थांबतं.

आपल्या लिपीचा यात एक खास प्रश्न आहे. आमच्या कार्डात ऑपरेटरचं नाव साठवायला ३२ बाइटांची जागा आहे, शेवटचा बाइट शून्यासाठी. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘लक्ष्मीकांत’ हे नाव दिसायला चार अक्षरांचं, पण आत अकरा खुणा, म्हणजे ३३ बाइट. उपलब्ध जागा ३१. परत येताना शेवटच्या ‘त’चा एकच बाइट हाती लागतो आणि डीकोड करताना पायथन एरर फेकतं. आम्ही हे असं सोडवलं: नाव आमच्या डेटाबेसमध्ये, कार्डात फक्त ऑपरेटरचा क्रमांक. डीकोड करताना ‘चुका दुर्लक्षित कर’ असं सांगूनही वेळ मारून नेता येते, पण मग रिपोर्टवर माणसाचं नाव अर्धवट छापलं जातं, आणि ते मला मान्य नाही.

आता सीटाइप्समधली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट. तिचं नाव ‘एरचेक’. फंक्शनला आपण एक पायथनचं फंक्शन चिकटवून ठेवायचं. डीएलएलकडून उत्तर आलं की ते आधी या राखणदाराकडे जातं. त्याला तीन गोष्टी मिळतात: आलेलं उत्तर, कुठलं फंक्शन होतं ते, आणि काय काय देऊन बोलावलं होतं ते. तो जे परत करेल तेच शेवटी आपल्या स्क्रिप्टला मिळतं. आमच्या राखणदारात चारच ओळी आहेत. स्टेटस शून्य असेल तर पुढे जाऊ दे. नसेल तर डीएलएलच्याच फंक्शनकडून त्या कोडचा मजकूर विचार, फंक्शनचं नाव त्याला जोड, आणि एक्सेप्शन फेक. स्क्रिप्टमध्ये ठिकठिकाणी ‘स्टेटस शून्य आहे का’ विचारणाऱ्या ओळी गळून पडल्या आणि एकही स्टेटस न तपासता सुटायची शक्यता संपली. मला विचाराल तर या एका सोयीसाठी सीटाइप्स घ्यावी.

हँडल देणाऱ्या फंक्शनसाठीही एरचेक लावावं. व्हॉइड पॉइंटरच्या जागी नल, म्हणजे रिकामा पत्ता, आला तर सीटाइप्स नन देते. ठरावीक प्रकाराचा पॉइंटर लिहिला असेल तर नलच्या जागी येणारा ऑब्जेक्ट ‘इफ’मध्ये खोटा ठरतो. माझ्या उपवर्गाच्या बाबतीत मात्र ननही येत नाही, ऑब्जेक्टच येतो, म्हणून त्याच्या आतली किंमत बघावी लागते. ही तपासणी राखणदारातच करून टाकावी.

रीडिंगचा आकडा पत्त्यावर लिहिणाऱ्या फंक्शनांसाठी ‘पॅरॅमफ्लॅग्ज’ आहेत. फंक्शनचा नमुना बांधताना सांगायचं, की पहिला आर्ग्युमेंट आत जाणारा, म्हणजे १, आणि दुसरा बाहेर येणारा, म्हणजे २. मग डबल आपण तयार करायचा, त्याचा पत्ता द्यायचा, नंतर त्यातून किंमत काढायची हा सगळा खटाटोप सीटाइप्स करते आणि फंक्शन सरळ रीडिंग परत करतं. स्टेटस एरचेककडे, रीडिंग आपल्याकडे. लिहिण्याची पद्धत किचकट आहे, अधिकृत दस्तऐवजातलं उदाहरण समोर ठेवूनच लिहावं, पण एकदा लिहिलं की चाचणीची स्क्रिप्ट वाचायला इतकी स्वच्छ होते की टेस्टिंगवाले स्वतः तिच्यात बदल करू शकतात.

विंडोजवाल्यांसाठी आणखी एक. सिस्टिमच्या एखाद्या फंक्शनकडून −२१४७४६७२५९ असा भयंकर आकडा आला तर तो एचरिझल्ट प्रकारचा सर्वसाधारण ‘अपयश’ कोड आहे, चिन्हासकट वाचल्यामुळे ऋण दिसतो. रेसटाइपमध्ये एचरिझल्ट लिहिलं की अपयशी कोडवर सीटाइप्स आपण होऊन ओएसएरर फेकते. फंक्शन एररचा कोड एर्नो या सीच्या ठरलेल्या जागेत ठेवत असेल, तर लायब्ररी उघडतानाच तसं सांगावं लागतं. मग सीटाइप्स त्याची वेगळी प्रत जपून ठेवते. नाहीतर आपण विचारेपर्यंत मधल्या मध्ये इंटरप्रिटरच्या कामात तो बदलून गेलेला असू शकतो.

तुलना करायची तर पहिला प्रतिस्पर्धी सीएफएफआय, याच कामाची दुसरी लायब्ररी. त्यात हेडरमधल्या ओळी जशाच्या तशा चिकटवायच्या, फंक्शन काय परत करतं ते ती तिथूनच वाचते. इंटचा अंदाज नाहीच. जाहीर न केलेलं फंक्शन बोलावताच येत नाही. परत आलेल्या पॉइंटरला मोकळं करणारं फंक्शन जोडून ठेवायचीही सोय आहे, म्हणजे ऑब्जेक्ट संपला की मेमरी सुटते. उत्तरांच्या सुरक्षिततेत ती सीटाइप्सच्या पुढे आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. मात्र ती वेगळी इन्स्टॉल करावी लागते, हेडरमधले इन्क्लूड आणि गुंतागुंतीचे मॅक्रो तिला चालत नाहीत, आणि तिची अधिक भक्कम पद्धत वापरायची तर कंपायलर हवा. डीएलएलमध्ये शंभरेक फंक्शनं असतील तर मी सीएफएफआयच घेईन. पायबाइंड११ ही सी++ पायथनला जोडणारी लायब्ररी सी++ चा सोर्स आपल्या हातात असेल तेव्हा उत्तम; परत आलेला ऑब्जेक्ट कुणाच्या मालकीचा हे त्यात धोरण म्हणून लिहिता येतं. आमच्यासारख्या बंद डीएलएलवाल्यांना त्याचा उपयोग नाही.

सीटाइप्सबद्दल माझी तक्रार एकच आहे आणि ती मोठी आहे: रेसटाइप न लिहिलेल्या फंक्शनला तिने निदान इशारा तरी द्यायला हवा. तशी कडक पद्धत तिच्यात नाही, म्हणून आम्ही ती आमच्या बाजूने बांधली. डीएलएल उघडणारा आमचा एक वर्ग आहे आणि त्याच्या आत एक तक्ता: फंक्शनचं नाव, रेसटाइप, आर्गटाइप्स, एरचेक. तक्त्यात नाव नसेल तर तो वर्ग ते फंक्शन देतच नाही, एरर फेकतो. कार्डाच्या कंपनीकडून डीएलएलची नवी आवृत्ती आली की दोघांनी बसायचं, एकाने हेडर मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने तक्ता ताडायचा. नंतर ज्याचा रेझिस्टन्स आधीच माहीत आहे असा स्टँडर्ड रेझिस्टर कार्डाला जोडायचा, तेलात थर्मामीटर धरायचा, आणि दोन्ही आकडे जुळले तरच ती आवृत्ती बेंचवर चढवायची.